लाल उडाला

नौपाड्यात मी ज्या सलूनमध्ये जातो, तिथे रस्त्याकडच्या काचेवर केसांच्या ठेवणीचं एक पोस्टर आहे. सोळा तरुण, सोळा तऱ्हा. दुपारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर. परवा गळ्याभोवती कापड बांधून बसलो होतो आणि लक्षात आलं, सोळाही जण निळे पडलेत. हलाहल सगळ्यांनी वाटून घेतल्यासारखे.

"लाल उडाला," मी पुटपुटलो.

"कुठे? लागलं का?" कात्री थांबली. बिचारा माझा कान तपासायला लागला.

वाक्य नानाकाकांचं. ते प्रेसमध्ये मशीनवर होते, नखांच्या कडेची शाई रविवारीसुद्धा निघायची नाही. तेव्हा ठाणे स्टेशनजवळ एक रद्दीवाला दोरीला चिमटे लावून इंद्रजाल कॉमिक्स टांगायचा. भाडं दिवसाला चार आणे. त्यातला वेताळ म्हणजे फँटम, अंगभर घट्ट पोशाख घालणारा जंगलातला मुखवटेधारी नायक. मी आणलेला वेताळ निळा आणि चुलतभावाकडे तोच अंक, तर त्याचा वेताळ जांभळा. कुणाचा खरा यावरून आम्ही इतके भांडलो की त्याच्या शर्टाचा खिसा माझ्या हातात आला. काकांनी दोन्ही अंक उजेडात धरले. पिवळा, लाल, निळा, काळा, या चार शाया. (मॅजेंटा वगैरे आपण म्हणायचं, काकांसाठी तो लालच.) जांभळा म्हणजे निळ्यावर लाल. उन्हात आधी पिवळा आणि लाल जातात. निळा, काळा टिकून राहतात. "तुझा दोरीवर वाळत होता रे. लाल उडाला." माझा खोटा ठरला. खिसा शिवायला आईकडे गेला.

गंमत म्हणजे वेताळाचा खरा रंग कोणता, हे त्याच्या जन्मदात्यालाही ठरवता आलं नाही. 1936 साली ली फॉकने त्याला वर्तमानपत्रात आणला तो काळ्या-पांढऱ्यात. मनात म्हणे करडा होता. 1939 मध्ये रविवारची रंगीत पुरवणी आली आणि तिथे तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. म्हणजे आमच्या रद्दीवाल्याकडे स्वीडनची आवृत्ती होती म्हणायची! हल्कचंही तेच. 1962 च्या पहिल्या अंकात करडा होता, पण छापताना तो करडा धड जमेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा.

हल्ली जुनी मुखपृष्ठं संगणकावर नव्याने रंगवतात. मला बघवत नाही. दंडावर चकाकी, आकाशात ढगांच्या सतरा छटा, लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखा वेताळ. जुन्या अंकात जंगलावर सरळ पिवळंधमक आकाश असायचं. सकाळ की संध्याकाळ, कुणी विचारायचं नाही. काहीतरी वाईट घडणार, एवढं कळायचं. लाल थोडा सरकून छापला गेला की वेताळाच्या ओठांचा लाल हनुवटीवर यायचा. तसा अंक मला जास्त आवडे. का, ते सांगता येत नाही.

सलूनमधून घरी आलो आणि आधी भिंतीवरची फ्रेम उतरवली. वेताळाचं मुखपृष्ठ, पश्चिमेच्या खिडकीसमोर दहा-बारा वर्षं लावलेलं. निळा. कधी झाला, कळलंच नाही. रोज बघत होतो ना. मागचे खिळे काढले. पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी मात्र जांभळी, अगदी ताजी. त्या पट्टीत वेताळाचं एक कोपर होतं.

मग उगाच जुना अल्बम काढला. त्यात नानाकाकांचा एकच रंगीत फोटो आहे, मशीनशेजारी उभे. कपाटात, अंधारात ठेवलेला, उन्हाचा संबंध नाही. तिथे उलटंच झालंय. निळा उडालाय आणि सगळं तांबूस झालंय, मशीन, भिंत, काकांचा शर्ट. शर्ट आकाशी होता असं मला वाटतं. ताईला फोन केला, ती म्हणाली, राखाडी.

विचारायला आता तिसरं कुणी नाही.