देवीचा विडा

आईने यंदा हट्टच धरला होता, माहूरला जायचं तर पितृपक्षातच. "एकदा घट बसले की गडावर मुंगीला शिरायला जागा नसते. आणि माझे गुडघे काही माझी वाट बघत बसणार नाहीत." रेणुका आमची कुलदेवता. बाबा होते तोवर दरवर्षी तेच सगळं ठरवायचे. ते गेल्याला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत आमचं जाणं झालंच नव्हतं.

यवतमाळहून सकाळची एसटी धरली. आर्णी मागे पडली आणि धनोड्याला पैनगंगेचा पूल आला तशी आईने पदराची गाठ सोडून नाणं काढलं, खिडकीतून नदीत टाकलं आणि हात जोडले. इथे विदर्भ संपतो, मराठवाडा सुरू होतो. नदी गढूळ होती, दोन्ही काठ भरून वाहत होती. पुढे चढ लागला आणि सागवानाचं रान. सागाला या दिवसांत फुलोरा असतो, बारीक पांढरट फुलांचा. लांबून बघितलं तर झाडांच्या शेंड्यांवर कुणी ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं.

गावातून गडावर जायला ऑटो केला. वळणावर तो जरा थांबला तेव्हा आईने हात लांबवून सागाचं एक कोवळं पान खुडलं, माझ्या तळहातावर चोळलं. हात लालभडक. लहानपणी ती असंच करायची आणि मी तो हात दिवसभर धुवायची नाही. माझं वय आता पन्नासच्या पुढे, पण परवाही मी तो पुसला नाही.

पायऱ्या चढताना आई दर दहा-बारा पायऱ्यांवर बसत होती, आणि बसली की गोष्ट सांगत होती. मला पाठ असलेलीच. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं; परशुरामाने कावड केली, एका पारड्यात वडिलांचा देह, दुसऱ्यात आई. कोरी भूमी शोधत तो इथवर आला. दत्तात्रेयांनी विधी सांगितला, परशुरामाने बाण मारून पाणी काढलं ते मातृतीर्थ. रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी रडायला लागला तेव्हा आकाशवाणी झाली, आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून बघू नकोस. त्याने बघितलं. तोवर फक्त मुखच वर आलं होतं. म्हणून माहूरला देवीची पूर्ण मूर्ती नाही, शेंदराने माखलेला भलामोठा मुखवटाच आहे.

"लेकाला धीर निघाला नाही," आई म्हणाली. लहानपणी मला परशुरामाचा राग यायचा, जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं! आता वाटतं, कोण थांबेल? बाबांच्या खोलीवरून जाताना मी अजून आत डोकावते.

गर्दी नव्हती. दर्शन इतकं निवांत झालं की आई देवीपुढे चांगली पाच मिनिटं उभी राहिली. बाहेर आलो तर खलबत्त्याचा ठणठण आवाज. माहूरचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, सुपारी, कात असं सगळं एकत्र कुटून गोळा करतात. बत्त्याला ओला, लालसर लगदा चिकटलेला, आणि तो ओला तिखट-गोड वास थेट टाळूला लागतो.

आईने नको म्हणून मान हलवली. बाबा गेल्यापासून तिने विडा तोंडात घातलेला नाही. घरातल्या एका मोठ्या बाईने तेराव्यालाच सांगितलं होतं, आता कुंकू नाही, विडा नाही. आईला विड्याची केवढी आवड! रात्री जेवणं झाली की बाबा स्वतः पान लावून तिला द्यायचे. मी तेव्हा गप्प बसले, ते मला अजून खातं.

कुटणाऱ्या बाईने आईच्या कपाळाकडे एकदा बघितलं. मग बोटभर तांबूल पानावर काढून तिच्या हातावर ठेवला. "देवीचा आहे मावशी. याला नाही म्हणत नाहीत."

मी म्हटलं, "आई, जमदग्नी गेल्यावरच ना गं ती इथे आली? तिच्या मुखात तर रोज विडा असतो."

आई काही बोलली नाही. पायरीवर बसली, गडाखालच्या हिरव्या डोंगरांकडे बघत राहिली. मग तांबूल तोंडात टाकला. दात उरलेत चार-पाच, पण कुटलेल्या विड्याला दात लागत नाहीत. हळूहळू ओठ लाल झाले. डोळे मिटून तिने किती वेळ तो घोळवला!

नंतर दत्तशिखरावर गेलो. दत्तप्रभू रोज निद्रेला माहूरला येतात असं मानतात. तिथला वाराही तसाच, डोळ्यांवर झापड आणणारा. अनसूया मातेचं शिखर राहिलं. आईच्या गुडघ्यांनी नकार दिला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी टेकून झोपली असेल असं मला वाटलं. धनोड्याचा पूल आला तेव्हा तिने पुन्हा गाठ सोडली. नाण्याशेजारी कागदाची पुडी होती, तांबुलाची. ती उघडून बघितली, परत बांधली.

"अजून दोन घ्यायला हव्या होत्या गं," म्हणाली.