सगळे पंखे फिरत होते, तरी संगणक तापत होता

कॅबिनेटमध्ये सात पंखे बसवलेले असूनही संगणक तापू शकतो, ही साधी गोष्ट दुकानाच्या काउंटरवर पटवून देण्यात माझी जेवढी शक्ती खर्च झाली, त्याच्या शतांशही प्रत्यक्ष दुरुस्तीला लागली नाही. दुरुस्ती एका स्क्रूड्रायव्हरने होण्यासारखी होती. तो राग अजून पुरता ओसरलेला नाही, आणि ठाण्यात हल्ली अनेक जण घरी कामासाठी संगणक जुळवून घेतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी वास्तुविशारदांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करते. हे काम ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तासन् तास चालते आणि त्या काळात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण ताकदीने राबत असतात. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७००एक्स (रायझन ७००० मालिकेतला) प्रोसेसर, त्यावर हवेने थंड होणारा उभा कूलर आणि समोर व बाजूला काच असलेले दोन कप्प्यांचे कॅबिनेट असा संगणक जुळवून घेतला. सुटे भाग निवडणे, भाव ठरवणे, पैसे भरणे, विंडोज बसवणे हे सगळे विनासायास पार पडले. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

एप्रिलमध्ये घोडबंदर रोडवरील आमच्या घरात दुपारी खोलीचे तापमान तेहतीसच्या आसपास जाऊ लागले, आणि काम सुरू करताच प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसवर जाऊन तिथेच थांबू लागला. ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर गेले. रायझन ७००० मालिकेसाठी ९५ अंश ही कंपनीनेच ठरवलेली कमाल मर्यादा आहे. त्या ठिकाणी पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःचा वेग कमी करून तापमान तिथेच धरून ठेवतो. त्यामुळे संगणक बंद पडत नाही, केवळ काम लांबत जाते, आणि ज्याला आपल्या कामाला किती वेळ लागतो हे ठाऊक नसते, त्याच्या हे लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात आले, कारण आधी जेवणाच्या वेळेत पूर्ण होणारे चित्र आता चहाच्या वेळेपर्यंत लांबू लागले होते.

दुसरी खूण धुळीची होती. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर उडणारी धूळ वर्षानुवर्षे आमच्या घरात येत आहे, तेव्हा संगणकात धूळ शिरणे अपेक्षितच होते. मात्र ती भलत्याच ठिकाणी दिसत होती. ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या रिकाम्या पट्ट्यांच्या फटींवर करड्या रेषा उमटल्या होत्या, आणि बाजूच्या तीन पंख्यांसमोरची जी जाळी सर्वाधिक मळायला हवी होती, ती बाहेरून सरकवून काढली तर जवळजवळ नव्यासारखी स्वच्छ निघाली. आत हवा घेणाऱ्या पंख्याची जाळी स्वच्छ राहू शकत नाही. मग मी पातळ टिश्यू पेपरची पट्टी फाडून कॅबिनेटच्या प्रत्येक जाळीसमोर बाहेरून धरली. छतावरच्या तीन पंख्यांसमोर ती दूर ढकलली गेली, मागच्या एका पंख्यासमोर दूर ढकलली गेली, आणि बाजूच्या तिन्ही पंख्यांसमोरही दूरच ढकलली गेली. पंखे नसलेल्या तळाच्या जाळीला मात्र ती हलकेच चिकटली. सातच्या सात पंखे हवा बाहेर फेकत होते.

कारण नीट समजून घ्यावे. बहुतेक पंख्यांच्या एका बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे आणि मध्यभागी स्टिकर असतो, आणि हवा त्या बाजूने बाहेर पडते. पाती मोकळी दिसणारी, देखणी बाजू हवा ओढून घेते. काही पंख्यांच्या चौकटीवर दोन बाणही कोरलेले असतात, एक पाती फिरण्याच्या दिशेचा आणि दुसरा हवेच्या दिशेचा. दुकानात सातही पंख्यांची देखणी बाजू आतल्या बाजूला, म्हणजे काचेतून दिसेल अशी बसवली होती. छतासाठी आणि मागच्या पंख्यासाठी ते बरोबरच आहे. बाजूच्या पंख्यांनी मात्र हवा आत घ्यायची असते, आणि त्यासाठी एक तर उलट्या पात्यांचे, म्हणजे देखण्या बाजूने हवा बाहेर फेकणारे, पंखे वापरावे लागतात किंवा साधे पंखे फिरवून, दांडे आत दिसतील असे, बसवावे लागतात. यांपैकी काहीच झालेले नव्हते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत येतेच, पण ती जाळीतून न येता प्रत्येक फटीतून येते, धूळ घेऊन येते, आणि कूलर व ग्राफिक्स कार्ड यांच्यावरून वाहण्याऐवजी जवळच्या पंख्यातून लगेच बाहेर निघून जाते.

हे मी घरीच दहा मिनिटांत दुरुस्त केले असते. परंतु कॅबिनेटच्या मागच्या झाकणावर दुकानाचे सील होते, आणि ते तुटले तर वॉरंटी संपली, असे बिलावर छापलेले होते. इथून पुढे जे सुरू झाले त्याचाच मला संताप आहे.

फोनवर पहिले उत्तर मिळाले, "मॅडम, सगळे पंखे फिरतायत ना? लाइट लागतायत ना? मग फॅनचा प्रॉब्लेम नाही." पंखे फिरतात हे मला मान्य होते. माझा प्रश्न ते कोणत्या दिशेला हवा फेकतात हा होता, आणि तो प्रश्न ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी संगणक घेऊन या, असे सांगण्यात आले. काचेचे जड कॅबिनेट रिक्षात घालून घोडबंदर रोडच्या गर्दीतून स्टेशनपर्यंत नेणे किती जिकिरीचे आहे, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. (न्यावेच लागले तर कॅबिनेट आडवे, काच वर येईल असे ठेवावे. त्यामुळे जड ग्राफिक्स कार्ड उभे राहते आणि खड्ड्यांत त्याच्या स्लॉटवर ताण येत नाही.)

दुकानातल्या तंत्रज्ञाने संगणक वातानुकूलित खोलीत टेबलावर ठेवला, सोयीसाठी बाजूची काच काढली आणि चाचणी सुरू केली. तापमान अर्थातच आटोक्यात राहिले. काच काढल्यावर कॅबिनेट हे कॅबिनेटच उरत नाही, पंख्यांची मांडणी चूक असो वा बरोबर, खोलीतली हवा सरळ आत येते. शिवाय खोली थंड असेल तर प्रोसेसरचे तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी खाली राहते. मी काच लावून चाचणी घ्या, असे सांगत होते, आणि तोपर्यंत कागदावर "दोष आढळला नाही" असे लिहूनही झाले होते. घरी आणल्यावर पुन्हा तेच ९५ अंश.

त्यानंतर प्रत्येक वेळी नवे कारण पुढे आले. ९५ अंश कंपनीनेच चालते असे म्हटले आहे, हे पहिले. ते खरे आहे, पण मर्यादेत असणे आणि कायम मर्यादेवर अडकून राहणे यांत फरक आहे. तळाला आणखी तीन पंखे विकत घ्या, हे दुसरे. त्याने थोडा फरक पडला असता हे मी नाकारत नाही, परंतु तळातून आलेली थंड हवा बाजूच्या पंख्यांनी लगोलग बाहेर फेकली असती, आणि चुकीच्या मांडणीवर मी आणखी पैसे का घालावेत? मग उलट्या पात्यांचे पंखे वितरकाकडे मागवले आहेत, ते येईपर्यंत थांबा, असे सुरू झाले. मी म्हटले, नवे पंखे नकोत, आहेत तेच फिरवून लावा. त्यावर उत्तर आले, "मॅडम, मग मागची बाजू दिसेल. दांडे दिसतात, वायर दिसते. कस्टमर नंतर तक्रार करतात." कस्टमर मीच होते, आणि समोर उभी राहून तेच मागत होते. निदान मला सील उघडण्याची लेखी परवानगी द्या, या विनंतीला होकारही मिळाला नाही आणि नकारही नाही.

ज्या दिवशी मालक स्वतः दुकानात होते, त्या दिवशी हे सुटले. मी तीनच गोष्टी मागितल्या: काच बंद असावी, चाचणी एसीबाहेर व्हावी आणि ती निदान अर्धा तास चालावी. संगणक माळ्यावरच्या गोदामात नेला, पंधरा मिनिटांच्या आत आकडा ९५ वर गेला आणि तिथेच राहिला. मग मी पर्समधून टिश्यू पेपर काढून मालकांच्या हातात दिला आणि बाजूच्या जाळीसमोर धरायला सांगितला. कागद दूर ढकलला गेलेला त्यांनी पाहिला, मागच्या पंख्यासमोर धरून पाहिला, आणि कामगाराला एवढेच म्हणाले, "बाजूचे तिन्ही फिरव." मला त्या क्षणी झालेला आनंद मी लपवला नाही.

बाजूचे तीन फिरवून घेतानाच मी छतावरचा पुढच्या टोकाचा पंखाही काढून तळाला, हवा आत घेईल असा बसवून घेतला. छतावर अगदी पुढे असलेला पंखा बाजूने नुकतीच आत आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर ओढतो, त्यामुळे तिथला पंखा अनेकदा उपकारापेक्षा अपकारच करतो. आता चार पंखे हवा आत घेतात, तीन बाहेर टाकतात. आत येणारी हवा थोडी जास्त असली की कॅबिनेटमध्ये किंचित जास्त दाब राहतो, फटींतून हवा बाहेरच जाते आणि धूळ मुख्यतः जाळीवर अडते. जाळी हवेलाही अडवते, म्हणून बाहेर टाकणारे पंखे मी जरा कमी वेगावर ठेवले आहेत. घरी त्याच खोलीत, त्याच उन्हात, तेच चित्र तयार करताना प्रोसेसर ८५ वर आणि ग्राफिक्स कार्ड ७३ वर स्थिरावले.

सांगायचे राहिलेले काही मुद्दे आहेत. पंखे हबला (अनेक पंखे एकत्र जोडण्याच्या छोट्या पट्टीला) जोडले असतील तर त्या हबची चार पिनांची वायर मदरबोर्डच्या फॅन हेडरला, म्हणजे पंखा जोडण्याच्या पिनांना, जोडली आहे ना, हे जरूर विचारावे. केवळ एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वीज दिली असेल तर वेगावर मदरबोर्डचे नियंत्रण राहत नाही. हब नसेल आणि एका हेडरवर अनेक पंखे लावायचे असतील तर हेडरची क्षमता पाहावी. ती सहसा एक अँपिअर असते. तीन पिनांच्या पंख्यांसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा, तर चार पिनांच्या पंख्यांसाठी पीडब्ल्यूएम, म्हणजे वेगळ्या पिनवरच्या इशाऱ्याने वेग बदलणारा, पर्याय निवडावा. प्रोसेसरचे तापमान क्षणात वरखाली होते, म्हणून वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब ठेवावा, नाहीतर पंख्यांचा आवाज सतत चढत-उतरत राहतो. पंख्यांवरच्या रंगीत दिव्यांच्या जोडणीबाबत फार जपावे. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे असतात आणि चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावले तर ते जळतात.

फर्निचरवाल्याने टेबलाखाली संगणकासाठी केलेल्या बंद खणात असे कॅबिनेट ठेवू नये. बाजूची जाळी भिंतीला किंवा फळीला चिकटली तर पंख्यांची दिशा बरोबर असूनही हवा मिळत नाही. मी चांगले वीतभर अंतर सोडले आहे. जाळ्या आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी धुवाव्या लागतात, आणि पावसाळ्यात त्या पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नयेत. ब्लोअरने आतली धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, मोकळी भरधाव फिरू देऊ नयेत.

आणि संगणक ताब्यात घेतानाच, सील लावण्याआधी, टिश्यू पेपर प्रत्येक जाळीसमोर धरून पाहावा आणि कोणता पंखा आत, कोणता बाहेर, हे बिलावर लिहून घ्यावे. मी आता तसे लिहून घेतले आहे. उलट्या पात्यांचे पंखे आल्याचा फोन नंतर दुकानातून आला. त्यांचे जादा पैसे पडणार होते, आणि काचेतून दिसणाऱ्या दांड्यांची मला काहीच अडचण नाही, म्हणून मी ते घेतले नाहीत.