सिस्टीम चालते, पण काम होतं का?

आमच्या रुग्णालयात नवी संगणक प्रणाली बसून काही महिने झाले होते. पुरवठादार कंपनीचा अहवालही आला होता. सर्व्हर बंद पडलेला नाही, सगळे विभाग जोडले गेले, प्रशिक्षण पूर्ण झालं. व्यवस्थापनाला आपल्या बाजूनेही एकदा तपासणी हवी होती. मी नोंदणी विभागात काम करते, केसपेपर कुठून कुठे फिरतो ते मला पाठ आहे, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिल्याच पायरीवर अडलं. तुलना करायची ती कशाशी? जुन्या पद्धतीत डिस्चार्जला किती वेळ लागायचा, हे कुणी मोजूनच ठेवलं नव्हतं. "पूर्वी पटकन व्हायचं" म्हणणारे होते, तसे "पूर्वी तासन् तास जायचे" म्हणणारेही होते. शेवटी जुनी कागदपत्रं काढली. डॉक्टरांनी घरी सोडायचं लिहिल्याची वेळ केसपेपरवर होती आणि बिल भरल्याची पावतीवर. या दोन वेळा जुळवून थोडाफार अंदाज आला. तुमच्याकडे नवी प्रणाली येणार असेल तर कळकळीने सांगते, ती सुरू होण्याआधी जुनं काम मोजून ठेवा. नंतर ते हाती लागत नाही.

लोकांचं मत घ्यायला एसयूएस (सिस्टीम युझेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली वापरली; प्रणाली वापरायला किती सोपी वाटते, ते ती मोजते. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली. त्यात १० विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ पैकी गुण द्यायचे असतात. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं आणि बेरजेला २.५ ने गुणायचं, की ० ते १०० मधला आकडा मिळतो. हे टक्के नव्हेत. साधारण ६८ ही सरासरी मानतात. आमच्या बिलिंग विभागाचा आकडा त्याच्या वर गेला, वॉर्डांचा मात्र बराच खाली राहिला. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली असती, तर वॉर्डांचा त्रास तिच्यात बुडून गेला असता.

वॉर्डात नेमकं काय खुपतंय, ते नोंदींच्या वेळांवरून कळलं. प्रणाली प्रत्येक नोंदीबरोबर ती कधी टाकली याची वेळ आपोआप साठवते. ताप, नाडी, बीपी हे सगळं दिवसभर ठरावीक अंतराने तपासलं जातं. पण नोंदी पाहिल्या तर त्या शिफ्ट संपताना एकगठ्ठा पडलेल्या. एका वॉर्डात नाही, जवळजवळ सगळीकडे तेच.

मग मी वॉर्डात जाऊन बसले. सिस्टर बीपी घ्यायच्या आणि खिशातल्या छोट्या वहीत बेड नंबरपुढे लिहायच्या. संगणक होता काउंटरवर. एका पेशंटची नोंद सेव्ह केली की स्क्रीन परत यादीच्या सुरुवातीला जायची, पुढचं नाव पुन्हा शोधावं लागायचं. मधे कुणी हाक मारली आणि जरा वेळ गेला की लॉगआउट. वही का, असं विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, इथे एन्ट्री मारत बसले तर तिकडे पेशंट कोण बघणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. पण याचा परिणाम गंभीर आहे. दुपारी ताप चढला तर तो असतो वहीत. दुसऱ्या मजल्यावरून स्क्रीन पाहणाऱ्या डॉक्टरांना सकाळचाच आकडा दिसतो आणि ते त्यालाच ताजा समजतात. नोंद शंभर टक्के भरलेली असूनही उपयोगाच्या वेळी ती नसते.

वेगाच्या तपासणीत फार काही निघालं नाही. फक्त दिवसभराच्या सरासरीवर विसंबू नका, सकाळी ओपीडी सुरू होतानाचा वेग वेगळा काढा. बॅकअपबद्दल मात्र मी हट्ट धरला. बॅकअप रोज होतो, एवढं उत्तर मला पुरेसं नव्हतं. वेगळ्या मशीनवर तो परत चढवून दाखवा म्हटलं. चढवल्यावर कळलं की पेशंटची माहिती आली, पण स्कॅन केलेले जुने रिपोर्ट त्यात नव्हतेच.

बैठकीत पुरवठादाराचं म्हणणं पडलं की वॉर्डातला प्रश्न प्रशिक्षणाचा आहे. मी नोंदींच्या वेळांचा आलेख समोर ठेवला आणि स्क्रीनवर एका पेशंटवरून दुसऱ्यावर जायला किती क्लिक लागतात, ते तिथेच करून दाखवलं. त्यानंतर प्रशिक्षणाचा मुद्दा पुन्हा निघाला नाही. सेव्ह केल्यावर थेट पुढच्या बेडवर नेणारं बटण आलं, स्कॅन रिपोर्ट बॅकअपमध्ये घेतले गेले. पुन्हा वेळा काढल्या तेव्हा दिवसपाळीच्या नोंदी बऱ्यापैकी वेळेवर पडत होत्या. रात्रपाळीच्या अजूनही पहाटेच एकगठ्ठा येतात. तिथे संगणक काउंटरवरून बेडजवळ न्यायला हवा, आणि ती मागणी मी लेखी दिली आहे.