घाट झोपेत गेला

10 नोव्हेंबर, रात्री सव्वाअकरा

माई आडवी झाली. मला झोप येत नाही. सकाळी गाडीत नको तेव्हा लागली, तेच डोक्यातून जात नाही.

साखरप्याचा स्टँड आठवतो. दोन बायका टोपल्या घेऊन उतरल्या, कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी हलली. त्यानंतर थेट माईचा आवाज, "ऊठ गो, आंबा आलं." मधला अख्खा आंबा घाट गेला होता.

"उठवलं का नाहीस?"

"इतकी निजली होतीस. म्हटलं निजूदे."

तिला काय बोलणार.

रत्नागिरी ते कोल्हापूर साधारण एकशेतीस किलोमीटर. साध्या गाडीनं चार तास धरायचे. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो, मग पाली, नाणीज, साखरपा. तोवर जांभ्याचे चिरे, आंब्या-काजूची कलमं आणि कापणी झालेले भाताचे मळे. दख्खन गाव सोडलं की चढ सुरू होतो आणि सुमारे दोन हजार फुटांवर आंबा येतं. ही वाट निम्म्यावर येते ती तिथं. ज्या घाटासाठी आख्खा दिवस काढायचा, तो अर्ध्या-पाऊण तासाचा. माझा तेवढाच गेला.

बाकी सगळं नीट केलं होतं. बंद काचांची गाडी घ्यायची नाही, सरकत्या खिडकीची साधी लाल गाडीच घ्यायची. जाताना डावीकडची रांग, कारण नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो आणि पूर्वेला जाताना उजव्या खिडक्या भाजून निघतात. दुपारनंतर परत येताना त्याच हिशेबानं उजवीकडे बसायचं. मागच्या चाकाच्या मागं कधीच बसायचं नाही. तिथला बाक वळणावर नुसता फेकत नाही, वर उडवतोही, आणि पोटात ढवळायला सुरुवात होते ती त्या उडण्यानं. तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसून नजर पुढच्या काचेतून रस्त्यावर ठेवायची. मोबाईल पिशवीत. निघताना तिखट-तेलकट काही नाही, पण उपाशीही नाही. दोन पोळ्या, एक केळं.

आणि गोळी. मागच्या वेळचं नको म्हणून या खेपेस गोळी घेतली. अर्धा तास आधी घ्यायची, तशी घेतली. गाडी लागत नाही ती याच गोळीनं आणि गुंगी येते तीही हिच्यामुळंच. घेतल्यावर तास-दोन तासांनी गुंगी भरात येते. मी स्टँडवर घेतली आणि घाट लागतो दीड तासानं. म्हणजे बरोबर घाटातच निजायची तजवीज मी स्वतः केली. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पुढच्या वेळी लिंबू आणि आवळासुपारी. झालं तर होऊदे.

वर्षातून एक दिवस मिळतो. तोही कसा मिळतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यातला हा एवढाच तुकडा माझा असतो. आंब्यानंतर मलकापूरपर्यंत मी कुणाशी धड बोललेच नाही. माईनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला, तो तसाच हातात धरून बसले.

बांबवड्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगायला लागली. हंगाम सुरू झाला की हे होणारच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, चढाला त्यांना दम नसतो आणि ओलांडायला जागा मिळत नाही. नोव्हेंबरपासून या पट्ट्यात अर्धा तास जास्तीचा धरावा. पावसाळ्यात तर निघायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पंचगंगा त्या घरात गेली की केर्लीजवळ पाणी रस्त्यावर येतं आणि ही वाट बंद होते. वाघबिळाशी एका अंगाला पन्हाळा, दुसऱ्या अंगाला जोतिबा. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. एवढी मजल मारून पुन्हा रत्नागिरीच. मागून कुणी तरी ओरडलं, "सरका की वो पुढं," तेव्हा कोल्हापूर आलं असं वाटलं.

शिवाजी पूल ओलांडला की मध्यवर्ती स्टँडपर्यंत जायचं नाही. कंडक्टरला आधी सांगून सीपीआर रुग्णालयाच्या चौकात उतरायचं. परतीच्या गाडीची वेळ त्यालाच विचारून ठेवायची, कारण चौकशीची खिडकी राहते स्टँडवर. समोर टाऊन हॉलची बाग आणि संग्रहालय. तिथून भाऊसिंगजी रोडनं भवानी मंडप चालत. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढा वार सांभाळायचा.

पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला 1945 च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात सापडलेली काशाची मूर्ती तिथं आहे. ग्रीक लोकांचा समुद्रदेव, पोसायडन. वितीपेक्षाही लहान. एक हात वर उचललेला, त्यात त्रिशूळ असणार, आता मूठ रिकामी. खांद्यावरचे स्नायू, दाढीचे केस, सगळं एवढ्याशा धातूत. मी काचेला नाक लावून बराच वेळ उभी होते. समुद्राचा देव, आणि इथं, सह्याद्रीच्या या बाजूला. बंदरावर उतरून कुणाच्या तरी गाठोड्यात बांधून घाट चढला असणार. त्यालाही घाट दिसला नसणार.

तिथं जरा बरं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.

पेच पुढंच होता. घाट उजेडात बघायचा तर साडेतीनची गाडी धरायला हवी, सहाच्या आत सूर्य बुडतो. पण 9, 10, 11 नोव्हेंबर म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. जानेवारीच्या 31 ला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांतही होतो. ढग, धूर, हवेतली धूळ, वाटेतली उंच इमारत, कशानंही किरण अडतात. दोन्ही एका दिवसात बसत नाही. साडेतीनला निघाले असते तर सकाळचं भरून निघालं असतं. माई म्हणाली, "तू सांग." म्हणजे तिला थांबायचं होतं. अलीकडे ती असंच म्हणते.

थांबलो. आतले दिवे मालवले. गर्दीच्या खांद्यांमधून मला दिसला तो पितळी उंबऱ्यावर सरकणारा प्रकाश, तांबूस, हाताएवढ्या रुंदीचा. पुढचं थेट प्रक्षेपणाच्या पडद्यावर. माई पडद्याकडे बघतच नव्हती, डोळे मिटून उभी. तिला म्हटलं, "अगो, बघ की." ती म्हणाली, "बघत्येय."

रिक्षानं स्टँड, साडेसहाची गाडी. दोघींना अर्धं तिकीट. परतीची गोळी पिशवीतच ठेवली.

आंब्याला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. दरी होती तिथं नुसतं काळं. वळणावर दिव्यांचा झोत कठड्यावरून घसरायचा, पलीकडे काही नाही, पुन्हा डोंगराची ओली कापलेली बाजू. 2021 च्या जुलैत इथंच दरडी आल्या होत्या, ती भगदाडं दिवसा दिसली असती. समोरून ट्रक आला की ड्रायव्हर गाडी पूर्ण थांबवायचा, मग पहिल्या गिअरवर पुन्हा सोडायचा. पोटात ढवळलं, लिंबू हुंगत राहिले. डोळे मात्र उघडे होते. माई खांद्यावर निजली. मी तिला उठवलं नाही.

वर गार वारा होता, खिडकीची फट बंद केली होती. खाली उतरता उतरता हवा जड झाली, कोमट, मिठाची वाटावी अशी. गार काचेला ती लागली आणि बाहेरून दव धरलं. दख्खनच्या आसपास पुढची काच धूसर झाली. पावसाचा थेंब नाही, आकाशात चांदणं, आणि ड्रायव्हरनं वायपर चालू केला.