आबांची जखम आणि कागदाच्या चकत्या

आबांच्या माकडहाडावर आधी नुसता लाल डाग होता. बोटानं दाबला तरी लाली जात नव्हती. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पक्षाघातानंतर तिसरा आठवडा चालू होता आणि आमचं सगळं लक्ष हात कधी हलतो याकडे. पुढच्या 12 दिवसांत तिथं खड्डा पडला. बेडसोर, अंथरुणावर पडून होणारी जखम.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मधल्या खोलीत पट्टी सोडली, तर गॉजवर हिरवट निळा डाग आणि गोडसर, उग्र वास. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. 5 दिवस दिल्या. काहीच फरक नाही.

डॉक्टरांनी जखम सलाईननं धुतली, काळं पडलेलं मांस कापून काढलं आणि मगच तळातला छोटा तुकडा तपासायला घेतला. पू का नाही घेतला, विचारलं. म्हणाले, "वरच्या पुवात येणारे-जाणारे सगळेच जंतू सापडतात. आत कोण शिरलंय ते बघायचंय."

तिसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या लॅबमध्ये रिपोर्ट आणायला गेले. तिथल्या मुलीनं बशी दाखवली. जेलीवर जंतूंचा हिरवट थर, त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या गोल चकत्या. काहींभोवती स्वच्छ कडं. सिप्रोच्या चकतीला मात्र जंतू अगदी चिकटून वाढलेले! जंतूचं नाव स्यूडोमोनास. रिपोर्टवर सिप्रोपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. अमिकासिन आणि सेफ्टाझिडिम या दुसऱ्या दोन अँटिबायोटिकपुढे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडणारं. अमिकासिनचं कडं मोठं दिसलं, म्हणून मला तेच जालीम वाटलं. ती म्हणाली, "तसं नसतं ताई, प्रत्येक औषधाचं माप वेगळं." आणि आबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं; अमिकासिन किडनीला जड. डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम निवडलं, तेही ताप होता आणि जखमेभोवतीची लाली पसरत होती म्हणून. नुसते जंतू सापडले एवढ्यावर दिलं नसतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. काळं मांस आधी कापलं तेही बरोबरच. मेलेल्या मांसात रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार?

खरं काम त्यानंतरचं. दर 2 तासांनी कूस बदलायची. एअर बेड आणला तरी त्यातून सुटका नाही. दाराला वेळांचा कागद चिकटवलाय. रात्री 2 आणि 4 ची पाळी ह्यांची. रोज अंडी, डाळ, दूध.

काल पट्टी सोडली तर गॉज पांढराच. तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालबुंद मांस धरलंय. मी जरा वेळ बघतच बसले.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. नातवाच्या पायाला जखम झालीय. "तुझ्याकडं हायत की गं त्या उरलेल्या गोळ्या, दे की चार." मी दिल्या नाहीत. काकू रागावून गेल्या. सकाळी पोराला घेऊन मीच त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे.