काल्मिकियात जाताना: उंबरठा, वाटी आणि खार-बुलुकचा चिखल

काल्मिकिया हे रशियातलं बौद्ध काल्मिक लोकांचं प्रजासत्ताक, एलिस्ता ही त्याची राजधानी. तिथल्या खार-बुलुक गावच्या टेकडीवरचं पॉप्लरचं एकटं झाड पाहायला जायचं असेल तर आदल्या रात्रीचं आभाळ बघा. पाऊस झाला असेल तर बेत सरळ पुढे ढकला. एलिस्ताहून गावापर्यंत गाडी निमूट जाते, खरी परीक्षा असते ती शेवटच्या कच्च्या चढाची. स्तेपीची, म्हणजे तिथल्या गवताळ माळाची, माती भिजली की आपल्या काळ्या रानासारखीच बुटाला लगदा धरते. चार पावलं टाकली की पाय उचलत नाही, आणि छोट्या टॅक्सीची चाकं जागच्या जागी फिरतात. चालक गाडी खालीच लावतो. उरलेला चढ पायी चढायचा, वाऱ्यात. एप्रिलअखेरीसही तो वारा कानात टोचतो, तेव्हा टोपी कान झाकणारी हवी.

यापेक्षा जास्त डोकं फिरलं ते भाड्यावरून. सांगितलेला आकडा फक्त जाण्याचा निघाला. वर पोचल्यावर परतीचे तेवढेच, शिवाय थांबण्याचे तासावर वेगळे. त्या माळावर दुसरी गाडी मिळत नाही, त्यामुळे वाद घालायला जागाच उरत नाही. म्हणून दार लावायच्या आत रशियनमध्ये दोन वाक्यं म्हणा: ‘तुदा-ओब्रात्नो, स ओझिदानियेम’, म्हणजे जाऊन-येऊन, थांबण्यासकट, आणि ‘स्कोल्का व्सेवो?’, म्हणजे एकूण किती? आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा आणि त्याची मान हलेपर्यंत बसू नका. थांबण्याचा वेळ दोन तास धरा. एका तासात होतं असं सांगणाऱ्यांनी तो चढ चिखलात चढलेला नसतो.

एवढं करून जावं का? जावंच. पुरदाश बग्शी या भिक्षूनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे झाड लावलं असं सांगतात. तिबेटहून येताना त्यानं काठीच्या पोकळीत बिया आणल्या, अशी आख्यायिका आहे. चहूकडे गवत आणि मध्ये एकच झाड. लोक त्याला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, पांढरी नाणी, गोळ्या, बिस्किटं ठेवतात, दूध शिंपडतात. पांढरा रंग तिथे शुभ. प्रवासाला निघणाऱ्यालाही ‘त्सगान हालग’ म्हणतात, म्हणजे पांढरी वाट लाभो.

इथे फसवणारा सल्ला म्हणजे ‘रंगीत रिबीन घेऊन जा आणि फांदीला बांधा’. बांधू नका. फांदी दरवर्षी जाड होते, नायलॉनची गाठ मात्र सैल होत नाही. ती सालीत रुतते, सालीतून खाली जाणारा अन्नरस अडतो आणि गाठीपुढची फांदी वाळते. वाऱ्यानं फडफडणारी ‘की मोर्न’, म्हणजे वाऱ्याच्या घोड्याची प्रार्थना-पताका, लावायचीच असेल तर सुती घ्या आणि झाड सोडून जिथे आधीच दोऱ्या ताणलेल्या दिसतील तिथे सैल गाठ मारा. बुंध्याला टेकून फोटो काढणंही टाळा. मुळांवरची माती तुडवून घट्ट झाली की पाणी आत जात नाही.

आता घरातले नियम. निघण्याआधी निषिद्धांची यादी वाचली तर मराठी माणसाला वाटेल, अरे, हे तर आजीचंच! उंबरठ्यावर पाय देऊ नये, बसू नये. रात्री नखं कापू नयेत. संध्याकाळी दूध घराबाहेर देऊ नये. गालाला हात लावून किंवा गुडघ्यांना मिठी मारून बसू नये, ते दुःखाचं, पोरकेपणाचं लक्षण. घरात शिट्टी वाजवू नये. माणसाला, त्याच्या कपड्यांना ओलांडू नये. या ओळखीनंच घात होतो. निम्मी यादी आपली निघाली की आपण सैलावतो आणि उरलेल्या निम्म्यात चुकतो.

पहिली चूक वाटीची. जोम्बा, म्हणजे तिथला खारा दुधाचा चहा, रुंद वाटीत येतो. विटेसारखा दाबलेला हिरवा चहा, लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळतात. मग दूध, मीठ, लोणी आणि किसलेलं जायफळ. पळीनं भरून उंचावरून पुन्हा पातेल्यात सोडतात, असं कितीतरी वेळा, म्हणजे लोणी दुधात मिसळतं. नाहीतर वर तवंग धरतो. वाटी उजव्या हातानं घ्या, डावा तळवा उजव्या कोपराखाली, किंवा सरळ दोन्ही हातांनी. नको असला तरी ओठाला लावा. पिऊन झाल्यावर आपल्या सवयीनं वाटी पालथी घालू नका. पालथं भांडं तिथे अमंगळ, घरातली बरकत सांडल्याची खूण. उताणीच ठेवा. पुन्हा भरली जाऊ नये असं वाटत असेल तर तसं तोंडानं सांगा.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे आणि ती जवळपास प्रत्येक मराठी माणसाकडून होईल. देवापुढे पहिल्या चहाची वाटी आणि बोर्त्सिगची ताटली दिसते. बोर्त्सिग म्हणजे तळलेल्या कणकेचे प्रकार, चपटा गोल ‘त्सेल्वग’, मेंढ्याच्या आकाराचा ‘हुत्स’ वगैरे. या पहिल्या वाट्याला ‘देएज’ म्हणतात. आपल्या डोक्यात तो नैवेद्य, आणि नैवेद्य म्हटला की प्रसाद आलाच, तो सगळ्यांना वाटायचा. देएज वाटत नाहीत. तो घरच्यांनीच खायचा असतो, त्यात घराचं भाग्य असतं. यजमानीण भिडेखातर नाही म्हणणार नाही, म्हणून मागूच नका. तुमच्यासाठी टेबलावर वेगळी परात असते, तिथून घ्या.

तिसरी गोष्ट विस्तवाची. त्यात कचरा, खरकटं, थुंकी टाकत नाहीत, टोकदार वस्तूनं कोचत नाहीत, सुरीचं टोक त्याच्याकडे करत नाहीत. अग्नी हा कुळाचा रक्षक, त्याला चरबीचा तुकडा अर्पण करतात. मैदानावर जेवण असेल तर कागदी ताटल्या शेकोटीत फेकू नका, पिशवीत भरून परत आणा. स्वतःची शेकोटी पेटवायचा तर विचारही नको. वाळल्या स्तेपीत ठिणगी पुरते. सुरी कुणाला द्यायची तर मूठ पुढे करून.

खेड्यात सुनेला, म्हणजे ‘बेर’ला, सासऱ्याचं नाव विचारू नका. सासरच्या थोरांची नावं सून उच्चारत नाही, इतकंच नव्हे, त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दही टाळून दुसरा वापरते. आपल्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात, तिथे अशी पळवाट नाही. नाव हवं असेल तर घरातल्या मुलाला विचारा.

हे नियम घरोघरी थोडे बदलतात. त्यावरून यजमानांशी हुज्जत घालणं फार वाईट. सोव्हिएत राजवटीत १९४० पर्यंत तिथलं एकही मंदिर चालू उरलेलं नव्हतं, आणि २८ डिसेंबर १९४३ ला सगळ्या काल्मिक लोकांनाच सायबेरियात हद्दपार केलं. परतायला १९५७ उजाडलं. मधल्या वर्षांत जे टिकलं ते आज्यांनी चुलीपाशी टिकवलं, ज्या घरात जेवढं आठवलं तेवढं. २८ डिसेंबर हा तिथला शोकदिन आहे, त्या दिवशी पर्यटन म्हणून जाऊ नका. एर्न्स्ट नेइझ्वेस्तनींचं ‘निर्गमन आणि पुनरागमन’ हे स्मारक एलिस्तातच आहे, तिथे मोठ्यानं बोलू नये.

एलिस्ताचा मध्यवर्ती खुरुल (मंदिर) २००५ मध्ये उघडला. आत बुद्धाची ९ मीटरची मूर्ती आहे, आणि बाहेर नालंदाच्या १७ पंडितांच्या मूर्ती: नागार्जुन, आर्यदेव, धर्मकीर्ती, शांतिदेव... इतक्या दूर ही नावं भेटली की पाय आपोआप थांबतात. इथले बरेच भिक्षू मुंडगोडच्या द्रेपुंग गोमांग या तिबेटी मठात शिकून आलेले आहेत. हुबळीजवळचं मुंडगोड म्हटलं की बोलणं पटकन जुळतं. चांद्र ८, १५ आणि ३० या तिथ्या ‘मात्सग’च्या. बरेच लोक मांस टाळतात आणि खुरुलला येतात. शांतता हवी असेल तर हे दिवस वगळा, विधी पाहायचे असतील तर हेच धरा. प्रवासाला कधी निघावं, केस कधी कापावेत हे विचारायला लोक ‘झुर्खाच’कडे, म्हणजे ज्योतिषाकडे जातात. कुणी प्रश्न विचारत बसलेलं असेल तर डोकावू नका.

स्तेपीत फुलणारे रानटी ट्युलिप आणि मान्यच-गुडिलो सरोवर पाहायचे दोन दिवस सोपे, अडचण काही नाही. फूल मात्र तोडू नका. ट्युलिपमध्ये पूर्वजांचे आत्मे असतात असं तिथले लोक सांगतात. कायद्यानंही ते संरक्षित आहे, आणि बी रुजल्यापासून फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात.

रोख रूबल पुरेसे ठेवा. भारतीय बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं २०२२ पासून रशियात चालत नाहीत, आणि टॅक्सीवाल्याशी घासाघीस सुट्ट्या नोटा असतील तरच जमते. जुलैत जाऊच नका. १२ जुलै २०१० ला काल्मिकियातल्या उत्ता गावी ४५.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि त्या माळावर सावली देणारं झाड शोधूनही सापडत नाही.