चार महिन्यांच्या बाळाच्या रक्तातलं शिसं

रिपोर्टवरचा आकडा मी दोनदा वाचला. २४. रक्तातलं शिसं, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. मुलांच्या बाबतीत ३.५ च्या वर गेलं की कारण शोधायला लागा, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये ठरवलं. निर्धास्त राहावं अशी पातळी मुळात नाहीच.

बाळ चार महिन्यांचं. जन्मतः वजन कमी, चेहरा फिका, लोहाचे थेंब देऊनही हिमोग्लोबिन वाढेना, म्हणून ही तपासणी पाठवली होती. रांगतं मूल जमिनीवरची धूळ, रंगाचे पोपडे तोंडात घालतं. हे तर अजून पालथंही पडत नव्हतं. मग शिसं आलं कुठून?

मी आईला सगळं विचारलं. भिंतींचा रंग, पाणी, भांडी, काजळ, घुटी, नवऱ्याचं काम. कशातच काही सापडेना. तिचंही रक्त पाठवलं. तिचा आकडा आला ३१.

त्या दिवशी मी प्रश्न बदलला. "लग्नाआधी तुम्ही काय करत होतात?"

"जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्ये होते. सहा वर्षं. पण डॉक्टर, ते सोडून दोन वर्षं झाली."

त्या बॅटऱ्यांत शिसं असतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं, दशकंही टिकतं. दिवस गेले की बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही. वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारी प्लासेंटा, त्याला अडवत नाही. वार बाळाचं विषापासून रक्षण करते असा डॉक्टरांचाही एके काळी समज होता. जपानमधल्या मिनामाटात १९५६ नंतर तो मोडला: पाऱ्याने दूषित मासे खाणाऱ्या काही आया वरून धडधाकट दिसत होत्या आणि त्यांची बाळं मेंदूला इजा घेऊन जन्मली होती.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही तीन भेटींत मी फक्त आजचं घर तपासत राहिले, याची टोचणी अजून आहे.

तिने विचारलं, "म्हणजे मीच दिलं का त्याला? दूध बंद करू?"

पहिल्या प्रश्नाला मी लगेच "नाही" म्हटलं. त्या शेडमध्ये मास्क नव्हता, हात धुवायची जागा नव्हती, कुणी कधी तिचं रक्त तपासलं नव्हतं. यात तिचा दोष कुठे? दूधही बंद करायचं नव्हतं. आईचा आकडा ४० च्या खाली असला तर बाळाच्या रक्तावर लक्ष ठेवून ते चालू ठेवतात. तिला कॅल्शियम आणि लोह सुरू केलं. शिसं बाहेर काढणारं औषध साधारण ४५ पासून पुढे देतात, म्हणून बाळाला ते दिलं नाही. महिन्याने पुन्हा रक्त, आणि पुढची काही वर्षं त्याचं बोलणं, लक्ष, शिकणं बारकाईने बघायचं. शिशाने बुद्धीवर परिणाम होतो हे ठाऊक आहे. या एका बाळावर किती होईल ते सांगता येत नाही, आणि तिला तसंच सांगितलं.

बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता ती थांबली. "माझी धाकटी बहीण अजून तिथेच जाते. तिला पाचवा महिना लागलाय."

मी फोन तिच्या हातात दिला. "आत्ताच लावा. म्हणावं, आज कामावर जाऊ नकोस, इकडे ये."